जाड रेघ, बारीक रेघ



मांजरसुंब्याच्या चौकात गाडी थांबली की चारी रस्त्यांवरच्या पाट्या आपोआप वाचल्या जातात. अक्षर मोठं असलं की दुरून दिसतं, हे खरंच. पण काही मोठी अक्षरं नुसती दिसतात आणि काही डोळ्यांत भरतात. हा फरक बहुतेक वेळा एकाच गोष्टीमुळे पडतो. ती गोष्ट म्हणजे जाड रेघ आणि बारीक रेघ यांचा मेळ. त्याचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

आरंभ बोरूपासून करावा लागेल. बोरूचे टोक तिरपे छाटतात. त्यामुळे उभा काना आणि आडवी शिरोरेघ, दोन्ही भरदार उतरतात. बारीकपणा येतो तो तिरप्या रेघांत आणि सांध्यांत. ‘ब’च्या पोटातली तिरपी रेघ पाहा, ती नेहमी नाजूक असते. म्हणजे हे जाड-बारीक कोणी शोभेसाठी लावलेले नाही, ते हत्यारातूनच आले आहे.

मोठ्या लेखनाचा एक नमुना आपल्याच जिल्ह्यातला आहे. मांजरसुंब्याहून केजचा रस्ता धरला की पुढे अंबाजोगाई लागते. तेथे दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले. हीच ती प्रसिद्ध पासोडी. ग्रंथ कापडावर पसरला, तरी अक्षर लेखणीचेच राहिले.

पुढे छपाई आली आणि लेखणी व कागद यांच्यामध्ये धातू शिरला. १८०५ साली दोन गोष्टी घडल्या. मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली गीता छापून झाली. त्याच वर्षी बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण सुट्या खिळ्यांनी छापले गेले. पत्र्यावर सबंध पान कोरता येते. खिळ्यात मात्र एकेक अक्षर वेगळे ओतावे लागते. प्रथम पोलादावर अक्षर कोरायचे, त्याचा ठसा तांब्यात उठवायचा, आणि त्या साच्यात शिशाचा रस ओतायचा. बोरूच्या एका ओढीत होणारी बारीक रेघ येथे कानशीने तासावी लागे. शिवाय शिसे मऊ. छापता छापता नाजूक सांधे झिजत, तुटत. ‘ब’च्या पोटातली रेघ गेली की ‘बार’चा ‘वार’ होतो! म्हणूनच १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापले ते शिळाछापावर. तेथे हाताचे वळण जसेच्या तसे उतरते.

खिळ्यांत हे वळण आणण्याचे मोठे श्रेय जावजी दादाजी चौधरी यांना जाते. लहानपणी ते मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली हे काम शिकले. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू हे त्यांचे अक्षर कोरणारे सहकारी. निर्णयसागरची पोथी उघडून बघा. काना भरदार, वळण गोल, सांधा बारीक पण तुटका नाही. पाठांतरासाठी पोथी रोज उघडणाऱ्यांना हेच हवे होते.

आता जरा बाहेर नजर टाकू. इटलीत पार्मा येथे बोदोनी नावाचा थोर मुद्रक होऊन गेला. त्याचा काळ १७४० ते १८१३. त्याच्या रोमन अक्षरांत उभी रेघ चांगली जाड आणि आडवी रेघ केसासारखी. रेघेच्या टोकाची पायटीसुद्धा केसाएवढीच. मोठ्या मथळ्यात हे अक्षर फार डौलदार दिसते. गंमत अशी, की तरुणपणी बोदोनी रोमच्या ज्या धर्मप्रसारक छापखान्यात होता, तेथूनच १७७१ साली नागरी खिळ्यांचा परिचय देणारे पुस्तक निघाले.

पण बोदोनीचा नियम नागरीला जसाच्या तसा लावता येत नाही. त्याची आडवी रेघ केसासारखी. आपली आडवी रेघ म्हणजे शिरोरेघ. तीच पातळ केली तर सगळा शब्द ज्या दोरीवर वाळत घातला आहे, ती दोरीच कच्ची होते. संगणकाच्या काळात शिसे राहिले नाही, म्हणून रेघ तुटण्याची भीती गेली. २०१४ साली इंडियन टाइप फौंड्रीने काढलेल्या ‘रोझा वन’मध्ये जाड-बारीकचा फरक नागरीतही टोकाला नेलेला आहे. ते अक्षर आहे मथळ्यासाठीच. मात्र शिरोरेघ किती पातळ करावी, हा प्रश्न प्रत्येक अक्षरकारापुढे राहतोच. तसेच असे अक्षर बारीक आकारात लावले, तर शिशात जे झिजून होई ते पडद्यावर न झिजताच होते. ‘ब’ पुन्हा ‘व’सारखा दिसू लागतो.

शिक्षक बंधुभगिनींनी हे वर्गात सहज दाखवावे. दोन पेन्सिली दोऱ्याने बांधाव्यात. एक टोक वर डावीकडे आणि दुसरे खाली उजवीकडे राहील, अशा बेताने हात न फिरवता ‘ब’ काढावा. काना दुहेरी उमटेल आणि पोटातली तिरपी रेघ जवळजवळ एकेरी. मग मुलांना शाळेच्या नावाची पाटी वाचायला न्यावे. कोणती रेघ जाड हवी होती आणि कोणती बारीक, हे त्यांचे तेच सांगतील.