मंदावलेली नजर आणि पेशीतील सफाई : मज्जाविकारांच्या अभ्यासाचा एक इतिहास

प्रस्तावना :
पार्किन्सन, अल्झायमर, हंटिंग्टन आणि आनुवंशिक तोलभ्रंश हे विकार लक्षणांनी भिन्न असले, तरी त्यांच्यात एक समान सूत्र आढळते. चेतापेशीत सदोष प्रथिने साचत जातात आणि ती दूर करणारी यंत्रणा अपुरी पडते. हे सूत्र रुग्णनिरीक्षण आणि प्रयोगशाळा अशा दोन स्वतंत्र प्रवाहांतून उलगडत गेले. मुंबईतील एका अभ्यासाच्या आधारे त्या प्रवाहांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मुंबईतील निरीक्षण :
मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांनी आर. के. स्वामी यांच्यासह १९७१ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कुटुंबांतील रुग्णांची चाल अडखळत होती आणि तोल जात होता. त्यासोबत एक वेगळे लक्षण होते. एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे पाहताना निरोगी डोळा झटकन वळतो. या रुग्णांचा डोळा मात्र संथपणे सरकत असे. एवढ्या आधारावर त्यांनी हा आनुवंशिक विकाराचा नवा प्रकार असल्याचे प्रतिपादन केले. त्या वेळी जनुकीय चाचणी उपलब्ध नव्हती. रुग्णाची तपासणी आणि कुटुंबाची वंशावळ हीच साधने होती.

१९९६ मध्ये तीन स्वतंत्र संशोधनगटांनी या विकाराचे जनुक शोधले. त्यापासून तयार होणाऱ्या ॲटॅक्सिन-२ या प्रथिनात ग्लुटामाइनची साखळी असते. निरोगी व्यक्तीत तिची लांबी बहुधा २२ असते. रुग्णांत ती वाढलेली असते. १९९८ मध्ये वाडिया व सहकाऱ्यांनी अशा सहा भारतीय कुटुंबांचा अभ्यास मांडून संथ नेत्रहालचालींचे निदानातील महत्त्व अधोरेखित केले. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या निरीक्षणाला रेणूची साक्ष मिळाली.

पेशीतील सफाईचा शोध :
दुसरा प्रवाह बेल्जियममध्ये उगम पावला. ख्रिस्तियान द द्यूव्ह यांनी १९५५ मध्ये लायसोझोम या पेशीअंगकाची ओळख करून दिली आणि १९६३ मध्ये पेशीच्या स्वभक्षणाला 'ऑटोफॅजी' हे नाव दिले. पुढे युबिक्विटिनचा शोध लागला. नष्ट करावयाच्या प्रथिनावर युबिक्विटिनची खूण बसते आणि प्रोटिओझोम त्याचे तुकडे करते. या कार्यासाठी सिखानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमधील ऑटोफॅजीची जनुके उलगडली. त्यांना २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल लाभले.

प्रोटिओझोमचे मुख अरुंद असते. त्यात सुटे, उलगडलेले प्रथिन शिरते. गुठळी शिरत नाही. अशा वेळी दुपदरी पटल गुठळीभोवती वेढा घालते आणि तिला लायसोझोमकडे नेते. इतर अनेक पेशी विभाजित होतात, त्यामुळे साचलेला मल विभागला जातो. प्रौढ चेतापेशी विभाजित होत नाही. तिला आयुष्यभर स्वतःच सफाई करावी लागते.

प्रवाहांचा संगम :
२००६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दोन जपानी गटांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. उंदरांच्या चेतापेशींतील ऑटोफॅजीचे एकेक आवश्यक जनुक त्यांनी काढून टाकले. या उंदरांत रोगकारक प्रथिनाचे जनुक घातलेले नव्हते. तरीही त्यांच्या चेतापेशींत गुठळ्या साचल्या, हालचाली बिघडल्या आणि पेशी मेल्या. सदोष प्रथिनाची निर्मिती हे रोगाचे एक कारण असले, तरी सफाईतील बिघाडही तेवढाच घातक ठरू शकतो, हे यातून सिद्ध झाले.

निष्कर्ष :
वाडिया यांनी वर्णिलेल्या विकारावर आजही रोग बरा करणारे औषध नाही. सफाईयंत्रणेला चालना देण्याचे प्रयत्न विविध ऱ्हासविकारांत सुरू आहेत. तथापि, या इतिहासातून एक बोध निश्चित मिळतो. रेणूचे ज्ञान नसतानाही रुग्णाच्या डोळ्याची गती नोंदविणारा वैद्य पुढील पिढीच्या संशोधनाचा पाया घालतो. अल्लीपूरसारख्या ग्रामीण भागात एखाद्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तोल जाण्याचा आजार दिसला, तर तो दैवाचा भोग मानून सोडून न देता त्या घराची वंशावळ काळजीपूर्वक लिहून ठेवणे, हेही विज्ञानाचेच कार्य होय.