लिनक्स आणि घरच्या संगणकावरील खेळ

विंडोज 10 या प्रणालीची नित्याची डागडुजी मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 14 ऑक्टोबर 2025 रोजीं थांबविली. आणि विंडोज 11 साठीं जी यंत्रसामग्री आवश्यक ठरविली, ती कित्येक घरांतील सुस्थितींतल्या संगणकांत नव्हती. चालतें यंत्र टाकून नवें घेणें ज्यांस मानवलें नाहीं, त्यांतील कांहीं लिनक्सकडे वळले. मुख्यतः खेळांसाठीं संगणक बाळगणारेही त्यांत आहेत, हें विशेष. दहा वर्षांपूर्वीं अशा माणसाला कोणीं लिनक्सचें नांव सुचविलें असतें, तर त्यानें तें थट्टेवारी नेलें असतें.

1991 च्या ऑगस्टमध्यें हेलसिंकी विद्यापीठांतील लीनस टोरव्हाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्यानें, संगणकाचा सारा कारभार पाहणारी एक प्रणाली आपण छंद म्हणून लिहीत आहों, असें जाहीर केलें. पुढल्याच वर्षीं ती अशा परवान्याखालीं खुली झाली कीं, कोणींही ती घ्यावी, तपासावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी. शास्त्रज्ञांनीं व मोठमोठ्या व्यवसायांनीं तिचा स्वीकार केला. खेळ मात्र तिच्याकडे फिरकले नाहींत. 1995 सालीं मायक्रोसॉफ्टनें डायरेक्टएक्स नांवाची साधनें खेळ रचणारांच्या हातीं दिलीं. चित्र, ध्वनि, खेळाडूच्या हाताची हालचाल या सर्वांचा यंत्राशीं होणारा व्यवहार त्यांतून चाले. खेळ त्या भाषेंत बोलूं लागले, आणि लिनक्सला ती कळत नव्हती.

1998 सालीं कॅलिफोर्नियांत लोकी नांवाची कंपनी निघाली. गाजलेला खेळ घ्यावा, लिनक्ससाठीं तो नव्यानें बांधावा व विकावा, असा तिचा बेत. परंतु लिनक्सच्या भोक्त्यांच्या घरीं बहुधा विंडोजही असे. तोच खेळ तेथें आधीं मिळत असतां वाट पाहणार कोण? जानेवारी 2002 मध्यें लोकीचें दुकान मिटलें. तिच्या पदरीं असलेल्या सॅम लँटिंगा यांचें एसडीएल हें साधन मात्र टिकलें, आणि आजही खेळ रचणारे तें वापरतात.

दुसरी वाट दुभाष्याची होती. वाइन नांवाचें काम 1993 पासून चाललें होतें. विंडोजसाठीं लिहिलेला कार्यक्रम जें मागेल तें ऐकावयाचें, आणि त्याच क्षणीं लिनक्सच्या बोलींत मागून द्यावयाचें. विंडोजचा मूळ मजकूर गुप्त. म्हणून प्रत्येक मागणीचा अर्थ बाहेरून ताडावा लागे. पहिली पूर्ण आवृत्ति निघावयास 2008 साल उजाडलें. मला तर हें काम कोशकाराच्या कामासारखें वाटतें. जुने शब्द लावून होतात न होतात, तों नवे दारांत उभे.

या चिकाटीला पैशाचें पाठबळ मिळालें तें व्हॉल्व्ह कंपनीकडून. स्टीम हें संगणकीय खेळांचें प्रचंड दुकान तिचें. तिचे प्रमुख गेब न्यूवेल हे पूर्वीं मायक्रोसॉफ्टमध्येंच नोकरीस होते. 2012 सालीं विंडोज 8 मध्यें मायक्रोसॉफ्ट स्वतःचें दुकान मांडणार, हें दिसतांच त्यांनीं त्या प्रणालीला उघडपणें अरिष्ट म्हटलें. ज्याच्या चाळींत आपला गाळा, त्याच मालकानें शेजारीं तोच धंदा उघडावा, तशांतला हा प्रकार! लिनक्सला खेळ लाभले ते बहुतांशीं या धास्तीमुळें, असें माझें मत आहे. फेब्रुवारी 2013 मध्यें स्टीम लिनक्सवर आलें. 2015 सालचीं स्टीम मशीन हीं यंत्रें मात्र खपलीं नाहींत, कारण त्यांवर खेळावयास पुरेसे खेळच नव्हते. तेव्हां व्हॉल्व्हनें दुभाष्याचीच कांस धरली. वाइन, आणि डायरेक्टएक्सची चित्रभाषा व्हल्कनच्या चित्रभाषेंत उतरविणारें डीएक्सव्हीके, यांची सांगड घालून ऑगस्ट 2018 मध्यें प्रोटॉन निघालें. आरंभीं अवघे 27 खेळ त्यावर निर्वेध चालतील अशी ग्वाही होती. फेब्रुवारी 2022 मध्यें स्टीम डेक हें हातांत धरावयाचें यंत्र आलें, तेंही लिनक्सवर चालणारें; आणि आज प्रोटॉनवर चालणारे खेळ हजारोंनीं मोजावे लागतात.

एक दार अद्याप बंद आहे. अनेकांनीं मिळून चुरशीनें खेळावयाच्या कांहीं खेळांत लबाडी पकडणारा पहारेकरी प्रणालीच्या अगदीं आंतल्या दालनांत बसतो. लिनक्समध्यें तें दालन संगणकाच्या मालकाला हवें तसें बदलतां येतें, म्हणून खेळाच्या कंपन्यांचा त्यावर विश्वास बसत नाहीं. एपेक्स लेजंड्स या खेळानें 2024 सालीं लिनक्सवाल्यांस दार लावलें; व्हॅलोरंटनें तें कधीं उघडलेंच नव्हतें. तेव्हां घरचा संगणक लिनक्सवर नेण्यापूर्वीं मुलें कोणते खेळ खेळतात, हें त्यांनाच विचारावें. व्हॅलोरंटचें नांव निघालें, तर विंडोजसाठीं एक वेगळी तबकडी राखून ठेवणें भाग आहे.