हरवलेल्या स्वरलिपीची कहाणी

‘कन्सर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’ हा ‘डीप पर्पल’ या ब्रिटिश रॉक बँडचा प्रत्यक्ष कार्यक्रमात ध्वनिमुद्रित झालेला अल्बम. २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासह हा कार्यक्रम झाला. संचालन माल्कम अर्नोल्ड यांचे होते. तीन भागांची ही रचना बँडचे ऑर्गनवादक जॉन लॉर्ड यांची. पहिल्या भागात बँड आणि वाद्यवृंद प्रतिस्पर्ध्यांसारखे समोरासमोर उभे ठाकतात, आणि खरी रंगत तिथेच आहे. इयन गिलन यांचे गायन केवळ मधल्या भागात येते, शब्दही त्यांचेच.

बँडमध्ये मात्र या प्रयोगाविषयी एकमत नव्हते. गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांचा ओढा दणकेबाज रॉककडे होता. १९७० च्या ‘इन रॉक’ने तीच दिशा पक्की केली.

त्याच वर्षी मूळ स्वरलिपी गहाळ झाली. मागे उरले ते ध्वनिमुद्रण आणि चित्रफीत. त्यांच्याच आधारे मार्को द खूय या डच संगीतकाराने अनेक वर्षांनी एकेका वाद्याचे स्वर पुन्हा लिहून काढले. लॉर्ड यांनीही त्यात हातभार लावला. सप्टेंबर १९९९ मध्ये त्याच सभागृहात, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या साथीने, ही रचना पुन्हा सादर झाली. तिचे स्टुडिओतील ध्वनिमुद्रण २०१२ मध्ये, लॉर्ड यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले.