रेशनकार्डाची कुळकथा

आपल्याकडे घरोघरी काही कागद पिढ्यान्‌पिढ्या जपले जातात. सातबारा, शाळेचा दाखला आणि रेशनकार्ड. यांतले रेशनकार्ड हे बहुतेकांनी वापरले ते पुरावा म्हणून. मुलाला शाळेत घालायचे असो, गॅसची जोडणी घ्यायची असो किंवा झोपडी कधीपासूनची हे दाखवायचे असो, ट्रंकेतून आधी तेच बाहेर निघायचे. कित्येक घरांनी त्यावर धान्य घेणे केव्हाच सोडले, पण कार्ड सोडले नाही.

या कार्डाचा जन्म मात्र पुराव्यासाठी झालेला नाही. या घरात इतकी माणसे आहेत आणि त्यांच्या वाट्याला इतके धान्य आले पाहिजे, असा तो एक लेखी करार आहे. करार म्हटला की दोन प्रश्न येतात. तो कोणाकोणात झाला? आणि तो मोडला गेला तर दाद कुठे मागायची? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधायला आपल्या देशाला शंभराहून अधिक वर्षे लागली. ती हकीकत आज थोडक्यात सांगायची आहे.

महाराष्ट्रापुरती ही गोष्ट कार्डाच्या आधी, दुष्काळापासून सुरू होते. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात मोठा दुष्काळ पडला आणि लाखो माणसे मेली. त्यानंतर इंग्रज सरकारने आयोग नेमला. त्या आयोगाच्या १८८० च्या अहवालावरून निरनिराळ्या प्रांतांसाठी दुष्काळ निवारणाचे नियम तयार झाले. दुष्काळाची चिन्हे कशी ओळखायची, कामे केव्हा काढायची, काम न करू शकणाऱ्यांना अन्न कसे द्यायचे, हे सारे त्यात लिहिलेले होते. पण ते लिहिलेले होते अधिकाऱ्यांसाठी, आणि इंग्रजीत.

१८९६ साली पाऊस पुन्हा फसला. तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेची सूत्रे लोकमान्य टिळकांच्या हाती होती. सभेने त्या नियमांची माहिती देणारी मराठी पत्रके काढली आणि आपली माणसे खेड्यापाड्यांत पाठवली. पीक बुडाले तर शेतसाऱ्यात सूट मागता येते, दुष्काळी काम मागता येते, हे शेतकऱ्यांना सांगितले. त्याचा परिणाम काय झाला? १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. यातले मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. सभेने नवे काही मागितले नव्हते. सरकारच्याच पुस्तकात काय लिहिले आहे, एवढेच रयतेला वाचून दाखवले होते. मदत ही सरकारची कृपा आहे तोवर चालते. ती रयतेचा हक्क झाली की राज्यकर्त्यांची झोप उडते, हे तेव्हाच दिसून आले.

आता मुंबईकडे येऊ. दुसरे महायुद्ध सुरू झाले. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबई इलाखा तर मुळातच धान्याला तुटीचा. शिवाय मुंबईत गिरण्या, गोदी, रेल्वे. हे शहर उपाशी राहिले असते तर युद्धाचा गाडाच अडला असता. त्यामुळे मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. देशातल्या मोठ्या शहरांत पहिले. घरोघरची डोकी मोजली गेली, कार्डे लिहिली गेली, दुकाने ठरवून दिली गेली. त्याच वर्षी केंद्राने नेमलेल्या ग्रेगरी समितीने लाखावर वस्तीच्या शहरांत शिधावाटप करावे आणि प्रौढ माणसाला रोज किमान एक पौंड धान्य मिळावे, अशी शिफारस केली.

मुंबईत कार्डे वाटली जात होती, त्याच वर्षी बंगालमध्ये काय चालले होते? सरकारी चौकशी आयोगाने तिथल्या दुष्काळात १५ लाख माणसे गेल्याचा अंदाज दिला. नंतरच्या अभ्यासकांचे आकडे ३० लाखांपर्यंत जातात. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात या दुष्काळाची उलटतपासणी केली. त्यांचे म्हणणे असे की, धान्य एकाएकी नाहीसे झालेले नव्हते. भाव भडकले आणि ज्यांच्या हातात ते विकत घेण्याची ऐपत नव्हती, ते मेले. शेतमजूर, कोळी, खेड्यातले कारागीर. कलकत्त्यात कारखान्यांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या नोकरांना स्वस्त धान्य मिळत होते. खेड्यातल्या मजुराचे नाव कोणत्याच यादीत नव्हते.

इथेच रेशनच्या जन्माचे गुपित आहे. ही व्यवस्था गरिबासाठी निघालेली नाही, शहरासाठी निघाली. युद्ध चालावे, शहरात दंगे होऊ नयेत म्हणून ती आली. जो मोजला गेला तो जगला. धान्य पिकवणारे खेडे मात्र पुढची कित्येक वर्षे या मोजणीच्या बाहेरच राहिले.

स्वातंत्र्य आले तेव्हा ही व्यवस्था नकोशी झालेली होती. नियंत्रण आणि काळा बाजार ही जुळी भावंडे आहेत, असेच लोकांना वाटू लागले होते. गांधीजींनीही नियंत्रणे उठवावीत असा आग्रह धरला आणि डिसेंबर १९४७ मध्ये ती उठवण्यात आली. पण भाव असे चढले की १९४८ मध्ये सरकारला ती परत आणावी लागली. पुढे चांगली पिके आली की रेशन सैल करायचे आणि पाऊस हुकला की आवळायचे, असा खेळ चालू राहिला. १९५६ पासून अमेरिकेचा पी. एल. ४८० चा गहू येऊ लागला आणि शहरांतली रेशन दुकाने मुख्यतः त्यावर चालली.

१९६५ आणि १९६६ ही दोन दुष्काळी वर्षे मात्र डोळे उघडणारी ठरली. देशाचे धान्य उत्पादन एका वर्षात सुमारे ८ कोटी ९० लाख टनांवरून ७ कोटी २० लाख टनांवर आले. लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळ जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि अनेक घरांनी ते पाळले. जहाज बंदराला लागेल तेव्हा चूल पेटेल, अशी देशाची अवस्था होती. त्याच १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आणि कृषिमूल्य आयोग या दोन संस्था उभ्या राहिल्या होत्या. अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांच्या पुढाकाराने मेक्सिकोतून गव्हाचे बियाणे आले, आणि हरितक्रांतीला तोंड फुटले.

आजची रेशन व्यवस्था खऱ्या अर्थाने इथून सुरू होते. तिचे गणित साधे आहे. सरकार शेतकऱ्याकडून हमीभावाने धान्य घेते, गोदामात साठवते आणि त्याहून कमी भावाने राज्यांना देते. राज्य ते तालुक्याच्या गोदामात आणि तिथून दुकानात पोहोचवते. मधला तोटा सरकारी तिजोरी सोसते. या साखळीत जितके दुवे, तितकी गळतीची ठिकाणे. ट्रक वाटेत वळतो, पोत्यात वजन घटते, दुकानदार ‘माल आला नाही’ म्हणतो आणि नोंदवहीत माल उचललेला असतो.

आणखीही एक गोष्ट झाली, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. सरकारची खरेदी झाली ती प्रामुख्याने पंजाब-हरियाणासारख्या भागांतून, गव्हाची आणि तांदळाची. आपला देश-मराठवाडा-विदर्भ खाणार ज्वारी-बाजरी. रेशनने पोट भरले खरे, पण ताट बदलले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या ज्वारीला ना सरकारी गिऱ्हाईक पुरेसे मिळाले, ना रेशनच्या दुकानात जागा.

मग आला १९७२ चा दुष्काळ. ज्यांनी तो पाहिला, त्यांना दोन शब्द अजून आठवतात: मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी; तिकडे ती जनावरांना घालतात. तिची भाकरी धड थापली जात नसे. पण तिने माणसे जगवली. कामावरच्या मजुरांना आणि मुलांना सुकडी मिळे.

त्या वर्षी महाराष्ट्राचे धान्य निम्म्याच्याही खाली आले होते. बंगालपेक्षा पिकाची स्थिती वाईटच म्हणायची. तरीही बंगालसारखी माणसे मेली नाहीत. का? कारण हाताला काम आणि कामाला मजुरी मिळाली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे खडी फोडत होती, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव बांधत होती. सरकारी धान्य सर्वांना पुरेल इतके नव्हतेच. परंतु मजुराच्या हाती पैसा आला, म्हणून तो जे मिळेल ते घेऊ शकला. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात करून पाहिलेला प्रयोग राज्यभर गेला आणि रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. त्याचा खर्च भागवायला शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसला. शहराच्या पोटासाठी खेड्याचे धान्य ओढणाऱ्या व्यवस्थेत, खेड्याच्या मजुरीसाठी शहराने कर द्यावा, ही केवढी उलटापालट! आणि ‘मागेल त्याला काम’ हे आता सरकारी औदार्य नव्हते, कायद्याचे कलम होते. पुढे २००५ मध्ये केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला, त्याची पायवाट ही अशी महाराष्ट्रातून गेली.

त्याच काळात मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी वाजू लागली. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींनी महागाई प्रतिकार महिला समिती उभी केली. धान्य, तेल, रॉकेल वेळेवर आणि रास्त भावात मिळावे यासाठी बायका थाळ्या बडवत निघाल्या. रेशनची रांग ही बहुतेक बायकांच्याच वाट्याची. तिचे राजकारण होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

१९९७ मध्ये या व्यवस्थेने मोठे वळण घेतले. तोवर रेशन तत्त्वतः सर्वांना होते. आता दारिद्र्यरेषेखालचे आणि वरचे अशी वाटणी झाली. हेतू असा की, मोजका पैसा गरजूंवरच खर्च व्हावा. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डे आली. वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळे, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरे. म्हणजे वर्षाला १५ हजारांच्या वर एक रुपया मिळाला की माणूस कागदावर गरिबीतून वर येई! ज्याला नको त्याला पिवळे कार्ड मिळाले, ही तक्रार पुष्कळ झाली. ज्याला हवे त्याला ते मिळालेच नाही, ही तक्रार करायला तो माणूस तहसील कचेरीपर्यंत पोहोचलाच नाही.

याच धोरणातून २००१ चे ते विचित्र दृश्य निर्माण झाले. सरकारी गोदामांत ६ कोटी टनांच्या आसपास धान्य, काही उघड्यावर ताडपत्रीखाली. आणि राजस्थानसह अनेक राज्यांत दुष्काळ आणि उपासमार. पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने अन्नाच्या सरकारी योजना या लाभार्थ्यांचा हक्क ठरवल्या आणि प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देण्यास सांगितले. आपल्या शाळांतून पुढे खिचडी शिजू लागली, तिच्यामागे हा आदेश आहे.

त्यानंतर २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आला. देशातल्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरीपैकी ५० टक्क्यांपर्यंत लोकांना माणशी दरमहा ५ किलो धान्य. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या ज्येष्ठ स्त्रीचे नाव. धान्य मिळाले नाही तर भत्ता, आणि तक्रारीसाठी जिल्ह्यात अधिकारी, राज्यात अन्न आयोग. करार मोडला तर दाद कुठे मागायची, या प्रश्नाला प्रथमच सरळ उत्तर मिळाले.

पण कायदा झाला म्हणून गोष्ट संपत नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत शहरांतून पायी निघालेल्या मजुरांची कार्डे गावाकडे होती आणि पोट शहरात होते. कोणत्याही राज्यात धान्य घेता यावे अशी ‘एक देश एक रेशनकार्ड’ ही योजना २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरातसह मोजक्या राज्यांत सुरू झाली होती. २०२२ पर्यंत ती देशभर पोहोचली. दुकानात आता यंत्रावर अंगठा लागतो. त्याने खोटी नावे गळाली, हे खरे. पण खडी फोडून आणि भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या, त्यांचा अंगठा यंत्राला पटत नाही, हेही खरे. शिवाय लाभार्थ्यांची संख्या ठरली ती २०११ च्या जनगणनेवर. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. मधल्या काळात जन्मलेले, लग्न होऊन आलेले, वेगळे राहिलेले यांना जागा मिळायची तर कोणाचे तरी नाव कमी व्हावे लागते.

१ जानेवारी २०२३ पासून या कायद्याखालचे धान्य मोफत झाले. गरिबाचे दोन पैसे वाचले, हे चांगलेच. पण ‘फुकट’ या शब्दाबरोबर जुनी भाषा परत येते. कोणी दिले, पिशवीवर फोटो कोणाचा, याची चर्चा होते आणि माप पुरे आहे का, हे विचारायला माणूस संकोचतो. तीन रुपये मोजणारी बाई वजनकाट्याकडे नजर ठेवते. फुकट घेणारीने पुटपुटले तरी ‘मिळतंय ते घ्या’ असे ऐकावे लागते. वास्तविक, कायद्याने दिलेले धान्य तीन रुपयांचे असो की बिनपैशाचे, ते तिचेच आहे.

म्हणून धान्य किती पिकले आणि कोठारात किती साठले, एवढ्याने अन्नसुरक्षा मोजता येत नाही. यादीत नाव कोणाचे आहे आणि आपले काय आहे हे त्या माणसाला ठाऊक आहे का, हेही पाहावे लागते. दर, साठा आणि तक्रार कुठे करायची याची माहिती रेशन दुकानाने फलकावर लावावी, असा नियम आहे. आपल्या वस्तीतल्या दुकानावर तो फलक आहे का, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला तो कोणी वाचून दाखवतो का, एवढे पाहणे आपल्यापैकी कोणालाही जमण्यासारखे आहे. १८९६ साली सार्वजनिक सभेची माणसे खेड्यापाड्यांत फिरून नेमके हेच करत होती.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)