दत्तक, जात आणि पाठची भावंडे

दत्तक हा शब्द मला प्रथम भेटला तो शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात. डलहौसीने दत्तक वारस नामंजूर करून संस्थाने खालसा केली, हे वाक्य आम्ही मौद्याच्या शाळेत घोकून पाठ केले होते. सातारा, झाशी आणि आमचे नागपूर. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ साली नागपूरचे राज्य कंपनी सरकारच्या घशात गेले. हे शिकवताना गुरुजी हळहळत, म्हणून मीही हळहळलो. घरी येऊन बाबांना सांगितले. बाबा शेतमजुरी करून नुकतेच आले होते. हातपाय धुता धुता म्हणाले, "राजाले पोरगं नव्हतं तं येवढा बोभाटा झाला. आमाले मायबाप नव्हते, आमचं कोनं लिवलं?"

बाबांचे म्हणणे शब्दशः खरे होते. १९६० नंतरच्या एका पावसाळ्यात त्यांचे आईवडील दहा दिवसांच्या अंतराने गेले. बाबा सहा वर्षांचे, त्यांची बहीण नऊची. तेरवी आटोपल्यावर नातेवाईक ओसरीवर बसले आणि वाटणी झाली. शेत नव्हते, म्हणून लेकरांची वाटणी झाली. बाबांना मामा कामठीला घेऊन गेला. आत्याला दूरच्या एका नातलगाने भंडाऱ्याकडे नेले आणि विड्या वळायला बसवले. कोणी दुष्ट नव्हते. दोन पोटे एका घराला झेपणारी नव्हती, एवढेच. पुढे अकरा वर्षे बहीणभावाने एकमेकांचे तोंड पाहिले नाही. भेट झाली ती नागपूरला, दीक्षाभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत. आत्याच्या कडेवर तिचे स्वतःचे मूल होते. बाबांनी तिला ओळखले नाही. तिने त्यांना ओळखले, कपाळावरच्या लहानपणच्या व्रणावरून.

आज मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. माझ्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. मी आणि माझी पत्नी गेले दीड वर्ष दोन भावंडांची वाट पाहत आहोत. दत्तकासाठी नाव नोंदवले आहे आणि नोंदणीत 'भावंडे' असे लिहिले आहे. हा निर्णय आमच्या घरगुती आयुष्याचा आहे. परंतु वाट पाहताना मी इतिहासाच्या शिक्षकाच्या खोडीने दत्तकाचे कायदे वाचू लागलो आणि माझ्या ध्यानात आले, की बाबांचा प्रश्न अजून उभाच आहे. या देशात दत्तकविधान शेकडो वर्षे चालले, पण ते मुलासाठी कधी नव्हतेच. ते बापासाठी होते. पिंडदान करायला, वंश चालवायला आणि इस्टेट राखायला पुत्र हवा, म्हणून दत्तक. मुलाला घर हवे, त्याला त्याची बहीण हवी, हा विचार त्या शास्त्रात कुठेच बसत नव्हता.

शास्त्राची रचना पाहा. वसिष्ठाच्या धर्मसूत्रानुसार पुत्र देण्याचा अधिकार आईबापांचा. एकुलता एक पुत्र देऊ नये आणि घेऊ नये. आणि स्त्रीने नवऱ्याच्या अनुमतीशिवाय मूल देऊ नये, घेऊ नये. पुढे नंदपंडिताच्या 'दत्तकमीमांसे'सारखे ग्रंथ झाले आणि इंग्रजी न्यायालयांनी त्यांनाच कायदा मानून निकाल दिले. त्यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. पहिली, दत्तक सजातीय हवा. दुसरी अशी की वाचणाऱ्याने क्षणभर थांबावे: अनाथ मुलाला दत्तक घेता येत नव्हते! देणारे आईबापच नाहीत, मग दान कोण करणार? तशी रूढी असल्याचे न्यायालयात सिद्ध केल्याखेरीज अनाथाचे दत्तकविधान टिकत नसे. ज्याला घराची सर्वांत जास्त गरज, तोच दत्तकाला अपात्र. मुलगी तर हिशेबातच नव्हती. बाबा आणि आत्या यांच्यासारख्या लेकरांसाठी त्या कायद्यात दार नव्हते. एकीसाठी ती मुलगी म्हणून, आणि दोघांसाठी ती अनाथ म्हणून.

मग या लेकरांचे होत काय होते? १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ तेव्हाच्या मध्य प्रांताने लागोपाठ पाहिले. पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि निराधार मुली व विधवांना शेकड्यांनी आपल्याकडे घेऊन गेल्या. मिशनऱ्यांनी अनाथालये काढली. त्यावर धर्म बुडाल्याची ओरड झाली. ती ओरड करणाऱ्यांनी आपल्या वाड्यात किती लेकरे ठेवून घेतली, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. ज्या धर्माच्या कायद्यात अनाथाला पुत्र होता येत नव्हते, त्याला अनाथ पळवल्याची तक्रार करण्याचा नैतिक हक्क कोणता?

या व्यवस्थेला महाराष्ट्रात पहिला छेद दिला तो जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८७४ च्या सुमारास काशीबाई या ब्राह्मण विधवेचे मूल त्यांनी आपले मानले. तोच यशवंत. माळ्याच्या घरात ब्राह्मणीचा मुलगा, तोही विधवेचा! सजातीय दत्तकाचा नियम त्यांनी घराच्या उंबऱ्यावरच मोडला. १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र करून यशवंतला वारस केले. दत्तक म्हणून त्याचा हक्क शास्त्राच्या कायद्यात टिकेल, असा भरवसा धरण्याजोगे ते दिवस नव्हते. आणि झालेही तसेच. १८९० साली जोतीराव गेले तेव्हा भाऊबंदांनी यशवंतच्या हक्काला हरकत घेतली, आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले. दत्तकाच्या इतिहासात या प्रसंगाला डलहौसीच्या खलित्यांपेक्षा मोठे स्थान असायला हवे. आमच्या पाठ्यपुस्तकात ते नव्हते.

हा धागा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू संहिता विधेयकात उचलला. विवाह आणि दत्तक या दोन्ही बाबतींत जातीची अट निरर्थक करणे हा त्या विधेयकाच्या गाभ्याचा भाग होता. सनातन्यांनी ते अडवले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. नंतर तीच संहिता तुकडे करून मंजूर झाली. त्यातला हिंदू दत्तक व निर्वाह कायदा २१ डिसेंबर १९५६ चा. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा पंधरा दिवस झाले होते, आणि नागपूरच्या धम्मदीक्षेला सव्वादोन महिने. गंमत अशी, की हिंदू धर्म सोडून आलेले आम्ही बौद्धही त्या कायद्याच्या व्याख्येत 'हिंदू'च राहिलो.

तरी तो कायदा पुढचे पाऊल होता, हे मान्य केले पाहिजे. जातीची अट गेली. मुलगी दत्तक घेता येऊ लागली. न्यायालयाच्या परवानगीने पालनकर्त्याला अनाथ मूल दत्तक देता येऊ लागले, आणि १९६२ च्या दुरुस्तीने टाकून दिलेल्या व मातापित्यांचा पत्ता नसलेल्या मुलांनाही हे दार उघडले. परंतु अकराव्या कलमात जुने शास्त्र दबा धरून बसले होते. ज्याला मुलगा, नातू किंवा पणतू हयात आहे त्याने मुलगा दत्तक घ्यायचा नाही. ज्याला मुलगी किंवा मुलाची मुलगी आहे त्याने मुलगी घ्यायची नाही. मुलगा औरस असो की दत्तक, नियम एकच. याचा व्यवहारातला अर्थ काय? दोन अनाथ भाऊ असतील तर एका घराला ते दोघेही दत्तक घेता येणार नाहीत. दोन बहिणींचेही तेच. पहिल्याचे दत्तकविधान झाले, की तोच दुसऱ्याच्या वाटेतला अडथळा. फार तर दुसऱ्यासाठी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली पालकत्व मागायचे, ते सज्ञान होताच संपणार. सख्खे भाऊ एका ताटात जेवणार. एक मुलगा आणि दुसरा पाल्य, एकाला वारसा आणि दुसऱ्याला नुसता सांभाळ. एक पुत्र पुरे, कारण पिंडाला एकच लागतो. कायदा करणाऱ्यांना भाऊ दिसला नाही, वारस दिसला.

सर्वांसाठी एकच दत्तक कायदा करण्याचे प्रयत्न १९७२ आणि १९८० साली झाले आणि बारगळले. बदल आला तो दुसऱ्या वाटेने, बाल न्याय कायद्याच्या. २००० च्या कायद्याने आणि २००६ च्या दुरुस्तीने घरी त्याच लिंगाचे मूल असले तरी निराधार मूल दत्तक घेण्याची मोकळीक दिली. दोन कायद्यांत विसंगती उभी राहिली तेव्हा २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाने, न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालाने, स्पष्ट केले की १९५६ ची अट अशा मुलांच्या आड येणार नाही. म्हणजे दोन अनाथ भाऊ एका घराचे कायदेशीर पुत्र होण्यासाठी स्वातंत्र्यानंतर जवळजवळ साठ वर्षे जावी लागली. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, सरकारी कागद ज्याला प्रतिपालकत्व म्हणतो आणि बोलण्यात आपण फॉस्टर केअर म्हणतो, त्या कलमात एक लहानसे वाक्य आहे: भावंडांना एकत्र ठेवण्याचे सर्व प्रयत्न करावेत, वेगळे ठेवणे त्यांच्या हिताचे असेल तेवढा अपवाद. ते वाचले त्या रात्री मी आत्याला फोन केला. तिला कलम समजले नाही. ती एवढेच म्हणाली, "मंग आता तोडत नाईत ना?"

मी हो म्हणालो. पण ते उत्तर अर्धेच खरे होते. कायदा बदलला, मन बदललेले नाही. नोंदणी केलेल्या पालकांची रांग मुक्त मुलांच्या संख्येहून कितीतरी लांब आहे. तरीही मोठी मुले आणि भावंडे यादीत मागे राहतात, कारण बहुतेकांना हवे असते एकच, लहानगे, मागचे काही न आठवणारे मूल. एका कार्यालयात आम्हालाच सल्ला मिळाला, "दोन कशाला? एक बाळ घ्या, लवकर लळा लागेल." शेजारच्या बाई हळूच विचारून गेल्या, "जातीचं भेटन का?" जातीअंताच्या सभांना येणाऱ्या माझ्या एका मित्रानेही तोच प्रश्न जरा शुद्ध भाषेत विचारला. सजातीय दत्तकाचा नियम १९५६ साली कायद्यातून गेला. आमच्या वस्तीतून तो अजून जायचा आहे.

आपल्याकडे दुसरी परंपराही आहे आणि तिचा अभिमान बाळगला पाहिजे. भीमाबाई गेल्या तेव्हा बाबासाहेब पाच-सहा वर्षांचे होते. घरातल्या लेकरांना सांभाळले ते आत्या मीराबाईंनी. कोणताही कायदा नसताना त्या माउलीने भावंडे एका छपराखाली ठेवली. पुढे बाबासाहेबांनीही पुतण्या मुकुंदचा सांभाळ केला. पण हीच परंपरा बाबांच्या बाबतीत तुटली, आणि ती तोडणारे आमचेच लोक होते. माया कमी होती म्हणून नव्हे. कोठीत तांदूळ कमी होता म्हणून. भावंडे एकत्र राहायची तर नुसती माया पुरत नाही, आधार लागतो.

हे मला पुस्तकाने शिकवले नाही. काही महिन्यांपूर्वी आम्हाला दोन भावांविषयी कळले होते. बाल कल्याण समितीपुढे चौकशी चालू होती. कायद्याप्रमाणे ती पूर्ण होऊन मुले मुक्त ठरल्याशिवाय दत्तकाचा प्रश्नच येत नाही, हे ठाऊक असूनही आम्ही मनात त्यांची नावे घेऊ लागलो. पत्नीने दोन चादरी आणल्या. मग चौकशीत त्यांची आजी सापडली. मुले तिच्याकडे गेली. त्या रात्री आम्ही जेवलो नाही. सकाळी पत्नी म्हणाली, "दोघेही गेले ना? सोबत गेले ना? मग बरोबर झालं."

त्या आजीसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. आज तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे आणि एका मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. ही रक्कम मोठी नाही. पण १९६० नंतरच्या त्या पावसाळ्यात कामठीच्या मामाला एवढा आधार मिळता, तर आत्या विड्या वळायला गेली नसती. आपल्या किती वस्त्यांत किती आज्या अशा लेकरांना घेऊन बसल्या आहेत आणि त्यांच्या अर्जाला दाखले जोडायला कोणी नाही! शिबिरे घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे काम हाती घ्यावे. शिक्षकांनी हजेरी घेताना विचारावे, की गेल्या वर्षी या मुलीबरोबर येणारा तिचा भाऊ यंदा कोणत्या गावी आहे. आणि आपल्यापैकी ज्यांना पगार आहे, पक्के घर आहे, त्यांनी मूल हवे असेल तर जात विचारू नये, आणि एकाच्या हिश्शाला दोन येत असतील तर दार लहान करू नये.

आम्ही अजून वाट पाहत आहोत. ती वाट लांबली म्हणून मी आता चिडत नाही. चौकशी नीट होऊ दे, असेल तर आजी सापडू दे. कोणीच नसेल तेव्हाच ती लेकरे आमच्याकडे यावीत, आणि दोघे मिळून यावीत. बाबा आता थकले आहेत. परवा त्यांनी त्या दोन चादरींच्या घड्या हाताळून पाहिल्या आणि विचारले, "दोघं येका खोलीतच झोपतीन ना?"

हो बाबा, एकाच खोलीत.