हिंदू धर्म : समान श्रद्धा कोणत्या आणि त्यांची वाटणी कशी झाली

हिंदू धर्माचे सर्वांना मान्य होईल असे लक्षण सांगणे हे काम विद्वानांनाही सोपे गेलेले नाही. या धर्माला एक संस्थापक नाही, एकच धर्मग्रंथ नाही, सर्वांवर अधिकार चालवणारे एक धर्मपीठ नाही, आणि आपण दर रविवारी मिस्साबलिदानात म्हणतो तसा विश्वासांगीकारही नाही. 'हिंदू' हा शब्ददेखील मुळात धर्माचे नाव नव्हता. सिंधू नदीचा परिसर व तेथील लोक यांना प्राचीन इराणी लोकांनी त्या नदीवरून दिलेले ते नाव होय. धर्माचे नाव म्हणून तो पुष्कळ उशिरा रूढ झाला. २०११ च्या जनगणनेत भारतात ९६ कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या ७९.८ टक्के हिंदूंची नोंद झाली. शेजारच्या नेपाळात आणि दूर इंडोनेशियातील बाली बेटावरही हिंदूंचीच बहुसंख्या आहे. इतक्या विविध लोकांना एकत्र बांधणारे सूत्र कोणते, हा प्रश्न अभ्यासकांपुरता राहिलेला नाही. एकदा तो न्यायालयात गेला, आणि एका मंदिराचे दार काही लोकांसाठी उघडायचे की नाही हे त्याच्या उत्तरावर ठरणार होते.

अहमदाबादचा खटला

१९४७ मध्ये मुंबई प्रांतात हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा झाला. अहमदाबाद तेव्हा मुंबई प्रांतात मोडत असे. तेथील दलित कार्यकर्ते मूलदास वैश्य यांनी आपल्या सहकाऱ्यांसह स्वामीनारायण मंदिरात प्रवेश करण्याचा निर्धार केला. त्याला प्रतिबंध व्हावा म्हणून संप्रदायाच्या काही अनुयायांनी, म्हणजे सत्संगींनी, जानेवारी १९४८ मध्ये दिवाणी दावा दाखल केला. त्यांचे म्हणणे मोठे विलक्षण होते : आमचा संप्रदाय हिंदू धर्मात मोडतच नाही, तेव्हा हिंदू मंदिरांसाठी केलेला कायदा आमच्या मंदिरांना लागू होत नाही.

या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ त्यांनी चार कारणे दिली. स्वामीनारायण हे स्वतःच परमेश्वर आहेत. मंदिरे त्यांच्याच उपासनेसाठी बांधली आहेत, पारंपरिक हिंदू देवतांसाठी नव्हेत. अन्य देवाची उपासना हा श्रद्धेचा भंग ठरतो. आणि दीक्षा घेतल्यावर भक्ताला एक वेगळीच ओळख प्राप्त होते.

ज्या सत्पुरुषाच्या नावाने हा युक्तिवाद झाला त्यांचे चरित्र मात्र त्याला फारसे अनुकूल नव्हते. सहजानंद स्वामी यांचा जन्म १७८१ मध्ये अयोध्येजवळील छपैया या गावी झाला. १८२६ मध्ये त्यांनी अनुयायांसाठी २१२ श्लोकांची 'शिक्षापत्री' सिद्ध केली. तीत त्यांनी रामानुजाचार्यांचे विशिष्टाद्वैत मत स्वीकारलेले असून विष्णू, शिव, गणपती, पार्वती व सूर्य या पाच देवतांना पूज्य मानण्याची आज्ञा केली आहे.

खटला अठरा वर्षे चालला. उच्च न्यायालयात सत्संगींच्या विरुद्ध निकाल लागला तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जानेवारी १९६६ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्यांचे अपील फेटाळले. हे निकालपत्र सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे आहे. साताऱ्यात जन्मलेले हे न्यायाधीश संस्कृतचे जाणकार होते. एका मंदिराच्या दाराचा निर्णय देण्यासाठी त्यांना प्रथम हिंदू धर्म म्हणजे काय याचीच चिकित्सा करावी लागली, आणि त्यामुळे या निकालपत्राचा बराच भाग धर्मशास्त्रावरील प्रबंधासारखा वाचावा लागतो.

निकालपत्रातील समान सूत्रे

न्यायालयाने प्रथम अडचण मान्य केली. एक प्रेषित, एक देव, एक सिद्धांत किंवा एक विधी यांपैकी कशावरही बोट ठेवून हिंदू धर्म दाखवता येत नाही. स्थूलमानाने त्याला एक जीवनपद्धती म्हणता येईल, असे न्यायालयाने म्हटले. हा 'जीवनपद्धती' शब्द पुढे फार दूर गेला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका निकालात तो 'हिंदुत्व' या राजकीय संज्ञेच्या संदर्भात आला, आणि त्यावरून उठलेला वाद सर्वपरिचित आहे. मूळ निकालात मात्र या शब्दाचा हेतू दार उघडण्याचा होता, हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर न्यायालयाने सर्व संप्रदायांत आढळणाऱ्या काही श्रद्धा नोंदवल्या. विश्वाची उत्पत्ती, स्थिती व लय यांचे चक्र अनंत काळ चालत आहे, ही पहिली. जीवाला पूर्वजन्म व पुनर्जन्म आहे, ही दुसरी. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका, म्हणजे मोक्ष, हे जीवाचे अंतिम ध्येय आहे, ही तिसरी. याला जोड म्हणून लोकमान्य टिळकांनी केलेली व्याख्या न्यायालयाने समाधानकारक ठरवली. तिचा आशय असा की वेदांविषयी आदर व मान्यता, साधनेचे मार्ग अनेक असल्याचा स्वीकार, आणि अमुकच देवाला भजावे असा निर्बंध नसणे, ही या धर्माची खूण होय.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण यादी दिसते तितकी सरळ नाही. कर्म आणि पुनर्जन्म यांविषयी बहुतेक दर्शनांचे एकमत असले, तरी देवाविषयी तसे नाही. कर्माचे फळ देण्यासाठी प्राचीन मीमांसकांना ईश्वराची गरज वाटली नाही. अभिजात सांख्य दर्शनही ईश्वरावाचून विश्वाची मांडणी करते. शंकराचार्यांच्या मते जीव आणि ब्रह्म एकच आहेत, मध्वाचार्यांच्या मते ते नित्य भिन्न आहेत, आणि तरीही दोघेही वैदिक परंपरेचे आचार्य आहेत. मोक्षाची गोष्टही तशीच. तो परम पुरुषार्थ खरा, पण वारकरी संतांनी मुक्ती नाकारून भक्तीच्या सुखासाठी पुन्हा गर्भवास मागितला आहे. जेथे अंतिम ध्येयालाच प्रेमाने नकार देता येतो आणि तरी धर्माबाहेर जावे लागत नाही, तेथे 'समान श्रद्धा' या शब्दांचा अर्थ सर्वांनी सही केलेला मसुदा असा होऊ शकत नाही. ती एक समान भाषा आहे. धर्म, कर्म, पाप, पुण्य, संसार, मोक्ष, गुरू, इष्टदेवता हे तिचे शब्द. त्यांतून कोणते वाक्य रचायचे हे त्या त्या परंपरेचे स्वातंत्र्य.

वेदप्रामाण्याची कसोटी तर मला सर्वांत नाजूक वाटते. ज्यांना वेद ऐकण्याचाही अधिकार नाकारला गेला, त्या स्त्रिया व शूद्र यांच्या धर्माचे लक्षण वेदांवरून कसे सांगावे? ही उणीव आपल्या मराठीने फार पूर्वी ओळखली आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ज्ञानदेव म्हणतात की वेद संपन्न असला तरी कृपण आहे, कारण तो तीनच वर्णांपर्यंत पोहोचला. तो दोष दूर व्हावा म्हणून तो गीतेच्या रूपाने सर्वांसाठी प्रकट झाला. साडेसहा शतकांनंतर न्यायालयापुढे आलेला प्रश्न तत्त्वतः हाच होता.

बालीचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. स्वातंत्र्यानंतर इंडोनेशियात शासनमान्यता मिळवण्यासाठी तेथील हिंदूंना आपला धर्म एकेश्वरी व ग्रंथनिष्ठ असल्याचे दाखवून द्यावे लागले. तेव्हापासून 'संग ह्यांग विधी' या एकमेव परमेश्वराची श्रद्धा त्यांच्या शिकवणीच्या अग्रभागी आली. म्हणजे एकाच धर्माचे लक्षण भारतात अनेकत्वावरून सांगितले गेले, तर तिकडे एकत्वावरून.

लोकजीवनातील स्थान

सामान्य भाविक या व्याख्यांवर जगत नाही. त्याच्यापर्यंत धर्म पोहोचतो तो पंचांग, व्रते, कुलाचार, संस्कार, यात्रा आणि कथाकीर्तन यांतून. रामायण व महाभारत यांचा या बाबतीत वेदांहून कितीतरी मोठा वाटा आहे. ज्याने एकही संस्कृत श्लोक वाचलेला नाही त्यालाही कर्णाची व्यथा ठाऊक असते. मराठीत आपण सहज 'वनवास', 'लक्ष्मणरेषा', 'द्रौपदीची थाळी' म्हणतो तेव्हा आपणही याच वारशातून उचल करतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले तेव्हा त्यांना 'पुराण' हा शब्द आणि ओवी हा छंद येथेच मिळाला.

यात्रांचे सामर्थ्य काही वेगळेच आहे. नाशिक, उज्जैन, प्रयागराज आणि हरिद्वार येथे भरणारा कुंभमेळा २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आला; कोलकात्याची दुर्गापूजा २०२१ मध्ये आणि गुजरातचा गरबा २०२३ मध्ये. पंढरीची वारी पाहून भारावलेल्यांत एक येशूसंघी धर्मगुरूही होते. फ्रान्समधून आलेले फादर गाय देलरी यांनी विठ्ठलभक्तीचा सखोल अभ्यास करून १९६० मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजमार्फत त्यावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी अन्य धर्मांविषयीच्या घोषणापत्रात हिंदू धर्माचा आदरपूर्वक उल्लेख केला. पुराणकथांची समृद्धी, तत्त्वचिंतन, तपश्चर्या, ध्यान आणि ईश्वराला प्रेमाने शरण जाणे यांची तीत नोंद आहे. वर सांगितलेला निकाल त्यानंतर अडीच महिन्यांनी लागला.

कायद्याने मात्र या सांस्कृतिक समृद्धीला हात न घालता वेगळीच वाट धरली. १९५५ चा हिंदू विवाह कायदा वीरशैव, लिंगायत, ब्राह्मो, प्रार्थना व आर्य समाज यांना हिंदू धर्माच्या रूपांत धरतो. बौद्ध, जैन व शीख यांनाही तो लागू होतो; आणि शेवटी, जो मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा यहुदी नाही, त्यालाही, असे सांगून मोकळा होतो. काय नाही ते सांगून काय आहे ते ठरवण्याचा हा प्रकार धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला 'नेति नेति'ची आठवण करून देईल. आपण हिंदू धर्मापासून वेगळे आहोत हे प्रतिपादन १९६६ नंतरही थांबले नाही. रामकृष्ण मिशनचा तसा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अमान्य केला; लिंगायतांच्या स्वतंत्र धर्माच्या मागणीला कर्नाटक शासनाने २०१८ मध्ये पाठिंबा दिला. प्रत्येक वेळी कारणे निराळी होती. शिक्षणसंस्था चालवण्याची मोकळीक हवी असणे आणि दलितांना बाहेर ठेवणे या गोष्टी एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

दाराचा प्रश्न

समान श्रद्धा असलेल्या लोकांना समान गाभारा का मिळू नये, हा प्रश्न महाराष्ट्रात न्यायालयापूर्वी रस्त्यावर विचारला गेला. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. तो सुमारे पाच वर्षे चालला आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. कर्म आणि पुनर्जन्म यांची जी सांगड जन्मजात उच्चनीचतेशी घातली गेली होती, ती त्यांनी साफ नाकारली. समान श्रद्धांचा आढावा घेणाऱ्याने ही बाजू वगळली तर त्याचे लिखाण अपुरे राहील. जातीचा पगडा धर्मांतराने आपोआप सुटतो असेही नाही. दलित ख्रिस्ती बांधवांचा अनुभव याची साक्ष देतो.

पंढरपुरात गोष्ट थोडी निराळी घडली. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा यांची समाधी विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. त्यांचे अभंग वारीत गायले जात, पण त्यांच्या समाजाला पायरीच्या पुढे जाता येत नसे. साने गुरुजींनी हे दार उघडावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये पंढरपूर येथे तनपुरे महाराजांच्या मठात आमरण उपोषण केले. उपोषणाच्या दहाव्या दिवशी, दार उघडण्याचे मान्य झाल्यावर, त्यांनी ते सोडले.

अहमदाबादच्या निकालात गजेंद्रगडकरांनी सत्संगींचे म्हणणे अज्ञान, अंधश्रद्धा आणि स्वामीनारायणांच्या खऱ्या शिकवणीविषयीचा गैरसमज यांतून आल्याचे स्पष्ट शब्दांत नोंदवले. न्यायाधीशाने सांप्रदायिकांना त्यांच्याच गुरूची शिकवण समजावून सांगावी का, अशी शंका पुढे काही विधिज्ञांनी घेतली आहे, आणि ती निराधार नाही. पण तो निकाल नसता तर मूलदास वैश्य यांच्यासाठी मंदिराचे दार बंदच राहिले असते.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अलीकडच्या काळात पुन्हा पुढे आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळाला. पंढरपुरात त्याआधीच, जानेवारी २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे व उत्पात यांचे वंशपरंपरागत अधिकार संपुष्टात आले. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या पदांसाठी अर्ज मागवले, ते सर्व जातींच्या उमेदवारांकडून, आणि स्त्रियांकडूनही.