किल्लारी : 3 वाजून 56 मिनिटे

18 ऑक्टोबर 1992. उरले 347 दिवस.
लातूर जिल्ह्यातले किल्लारी हादरते, तीव्रता सुमारे 4. ऑगस्टपासूनच जमीन गुरगुरते आहे. माणसे अंगणात, शेतात झोपू लागतात. देशाच्या भूकंप-नकाशावर हा भाग विभाग 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा.

2 नोव्हेंबर. उरले 332 दिवस.
पुन्हा जोराचा हादरा. चर्चा एकच : मोठा भूकंप येणार का? याचे उत्तर जगात कुणाकडेच नसते. घर टिकेल का, याचे उत्तर मात्र गावातला गवंडीही देऊ शकला असता.

मार्च 1993.
एव्हाना सव्वाशेच्या आसपास हादरे झाले. मोठे काही घडले नाही. अंथरुणे पुन्हा माळवदाखाली, म्हणजे मातीच्या छपराखाली, येतात.

भिंत दोन-अडीच फुटांची, दिसायला किल्ल्यासारखी. पण आत दगडाचा एक थर, बाहेर एक, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही थरांना आरपार धरणारा दगड नाही. वर तुळया, त्यांवर मातीचा जाड थर. घर गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी आणखी पांढरी माती पडते. ओझे वाढत जाते.

29 सप्टेंबर, संध्याकाळ.
अनंत चतुर्दशी. गणपती निघतात. पोलीस बंदोबस्तावर.

मध्यरात्र. उरले 3 तास 56 मिनिटे.
दमलेली माणसे घरात झोपतात.

30 सप्टेंबर, पहाटे 3.56.
तीव्रता 6 च्या वर, केंद्र जमिनीखाली जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर. भिंतींचे थर सुटतात, माळवद खाली येते. कुडाच्या झोपड्यांतली बरीच माणसे वाचतात. ज्यांना दगडाचे घर बांधता आले, तेच जास्त मेले.

उजाडताना.
ढिगारे हातांनी उपसले जातात. जखमींना न्यावे, तर लातूरला अजून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नाही. ते बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला, नाहीतर सोलापूरला. पुढे पाऊसही येतो.

सरकारी आकडा : 7,928 मृत. लातूर-उस्मानाबादची 52 गावे भुईसपाट.

2002 च्या भूकंप-नकाशातून विभाग 1 काढून टाकला. लातूर विभाग 3 मध्ये गेले. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा. कागद सुधारले, पण भिंतीत दगड घालायला कागद येत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात अजून माळवदाखाली झोपणाऱ्यांनी एवढे करावे : गवंडी बोलवावा, भिंतीत आरपार दगड आहेत का ते पाहावे, आणि यंदा वर नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवावी.